जुना गेम परत खेळायचाय? रिमेक घ्यायच्या आधी हे करा

थोड्या थोड्या महिन्यांनी कुठल्यातरी जुन्या गेमचा रिमेक (नव्याने बनवलेला) नाहीतर रिमास्टर (मूळचाच, चकचकीत केलेला) जाहीर होतो आणि आमच्या फोंड्याच्या मित्रांच्या ग्रुपवर लगेच तोच प्रश्न, घेऊ काय रे? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जुना गेम त्याच्या मूळ वेगात आणि मूळ आकारात चालू करा, एक संध्याकाळ खेळा, मग ठरवा. कारण होतं काय, लोक जुना गेम नव्या लॅपटॉपवर कसाही लावतात, चित्र ताणलेलं, गाडी भलतीच पळतेय, आवाज फाटतोय, आणि पाच मिनिटांत म्हणतात की लहानपणी आपल्याला कळत नव्हतं, गेम भंगारच होता. तसं नसतं हो. गेम चांगलाच होता, फक्त तो ज्या मशीनसाठी बनवला होता ते मशीन आता घरात नाही.

तर पहिलं काम, आपल्याला नेमकं काय आठवतं ते बघा. गोष्ट, जागा, पात्रं आठवत असतील तर रिमेक बिनधास्त घ्या. पण बोटांना आठवत असेल, म्हणजे कुठलं बटण कधी दाबायचं हे अजून हाताला माहीत असेल, तर रिमेकमध्ये ते मिळेलच असं नाही, कारण रिमेकवाले पहिला हात घालतात तो कंट्रोलला. रेसिडेंट ईव्हिल २ बघा. १९९८ च्या मूळ गेममध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात फिक्स, आणि माणूस रणगाड्यासारखा जागच्या जागी वळायचा, त्यामुळे पुढच्या वळणावर काय आहे ते दिसायचंच नाही, भीती तिथेच होती. २०१९ च्या रिमेकमध्ये कॅमेरा खांद्यामागे आला. तो रिमेक फार सुंदर आहे, मला मनापासून आवडतो, पण तो वेगळा गेम आहे, पोलीस स्टेशन तेवढं ओळखीचं. मूळ गेम २०२४ मध्ये जीओजी या ऑनलाइन गेमच्या दुकानात परत आलाय, त्यामुळे दोन्ही खेळता येतात आणि माझं मत विचाराल तर आधी मूळच खेळा.

एज ऑफ एम्पायर्स २ चं मात्र उलटं. तिथे मूळ सीडी शोधत बसायची काही गरज नाही. १९९९ चा गेम, २०१९ ला डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्या मशीनसाठी सुधारलेली आवृत्ती, आली, आणि जुन्या गेमचा मान कसा ठेवावा याचं याच्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. हाताची सवय तशीच चालते, गावकरी तसाच हो म्हणतो, कोब्रा गाडीचा चीट कोडसुद्धा चालतो. बदललं काय तर वैताग देणाऱ्या गोष्टी, शेत संपलं की आता ते आपोआप परत पेरता येतं, पूर्वी लढाईच्या मधे शेतावर धावावं लागायचं. आणि २०२२ ला भारतावरचं एक्सपान्शन, म्हणजे गेमचा वाढीव भाग, आलं त्यात बंगाली, द्रविड, गुर्जर अशा वेगळ्या सिव्हिलायझेशन आल्या, पूर्वी सगळ्यांना मिळून एकच 'इंडियन्स' होते. हा डोळे झाकून घ्या.

जीटीए व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हा आपल्याकडे सगळ्यात हळवा विषय, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मिशन न करता नुसती गाडी फिरवत बसायचो ना सगळे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रिलॉजीची (हे दोन आणि जीटीए ३) डेफिनिटिव्ह एडिशन आली ती इतक्या बग्जसकट की कंपनीला माफी मागावी लागली, पाऊस असा पडायचा की समोरचा रस्ता दिसत नव्हता, लोकांचे चेहरे विचित्र. आणि ती यायच्या आधी जुने गेम स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या विक्रीतून काढले होते, याचा मला अजून राग आहे. २०२४ च्या शेवटी मोठा अपडेट आला, जुन्यासारखं लायटिंग निवडता येतं, आता ती खेळण्यासारखी झालीय. पण रेडिओवरची काही गाणी परवाना संपल्यामुळे नाहीतच, आणि व्हाइस सिटीमध्ये रेडिओ म्हणजे अर्धा गेम. म्हणून कोणाकडे जुनी ओरिजिनल डिस्क असेल तर ती टाकू नका, जपा.

जुनी पीसी आवृत्ती लावलीत तर एक सेटिंग कधीच विसरू नका, फ्रेम लिमिटर ऑन, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दाखवायची त्यावर मर्यादा. सॅन अँड्रियासमध्ये तो बंद करून ६० च्या वर फ्रेम गेल्या की पाण्यात पोहणं इतकं हळू होतं की पोहायची मिशन पार होत नाहीत, कारण गेमचं आतलं गणित कमी फ्रेमवर बांधलेलं आहे. नव्या ग्राफिक कार्डला जुना गेम मोकाट सोडायचा नसतो. हे फक्त जीटीएचं नाही, त्या काळातल्या कितीतरी गेमचं असंच आहे, त्यामुळे काही विचित्र वागायला लागलं की आधी फ्रेम ६० नाहीतर ३० वर बांधून बघा.

आता सीडी. आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर जी दमट हवा असते तिच्यात कपाटातल्या सीडीवर बुरशी चढते, डागाडागांची नक्षी दिसते बघा. कपाट उघडा, सगळ्या बाहेर काढा, मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि मग ड्राइव्हला तो भाग वाचता येत नाही. मग यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या आणि प्रत्येक डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, करून हार्ड डिस्कवर ठेवा, हे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नका. डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

डिस्क वाचली तरी गेम चालेलच असं नाही, आणि तेव्हा डिस्कला दोष देऊ नका. २००० च्या आसपासच्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन होतं, विंडोज १० आल्यापासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणाने त्याचा ड्रायव्हरच बंद केलाय. त्याच्याही आधीच्या गेमचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, तो ६४ बिट विंडोजवर उघडतच नाही. अशा वेळी खटपट करत रात्र घालवण्यापेक्षा जीओजीवर शोधा, ते २००८ पासून हेच काम करतात, जुना गेम नव्या विंडोजवर चालेल असा करून विकतात, त्यावर कॉपी प्रोटेक्शनचं कुलूप नसतं आणि सेल लागला की अगदी स्वस्त मिळतो. विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळातला असेल तर डॉसबॉक्स हा प्रोग्राम, तो फुकट आहे. चित्रात गडबड, मेनू दिसत नाही, रंग उडालेत असं असेल तर डीजीवूडू २ टाकून बघा, तो जुन्या डायरेक्टएक्सचं बोलणं नव्या कार्डला समजावतो. आणि कुठल्याही गेमचं नाव पीसीगेमिंगविकीवर टाकून तिथलं पान आधी वाचा, आपल्याला आलेली अडचण तिथे कोणीतरी आधीच सोडवलेली असते.

प्रिन्स ऑफ पर्शियासाठी तर एवढंही नको. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चोरून खेळलेला १९८९ चा तो प्रिन्स, ज्याच्या पळण्यासाठी गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाचं शूटिंग करून त्यावरून चित्रं काढली. त्याचा मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये सापडला आणि मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला केला. चाहत्यांनी बनवलेला एसडीएलपॉप नावाचा पोर्ट, म्हणजे नव्या मशीनसाठीची आवृत्ती, आहे, आजच्या विंडोजवर सरळ चालतो, ६० मिनिटांचं घड्याळ तसंच. याच मालिकेतल्या सँड्स ऑफ टाइमच्या रिमेकची घोषणा २०२० ला झाली होती, काम यूबीसॉफ्ट कंपनीच्या पुणे-मुंबई स्टुडिओकडे होतं म्हणून केवढा अभिमान वाटला होता, मग २०२२ ला ते काम मॉन्ट्रियलला गेलं. २००३ चा मूळ गेम मिळतो आणि आजही फार छान वाटतो, तोच खेळा.

काही गेमचा रिमेक निघालेलाच नाही, तिथे वारसदार शोधावा लागतो. ईए कंपनीचा क्रिकेट ०७, रिची बेनॉच्या कॉमेंटरीचा, त्यानंतर ईएने पीसीवर क्रिकेट काढलंच नाही, ऑनलाइन दुकानातही तो नाही. चाहते अजून नव्या टीम, नव्या जर्सीचे पॅच बनवतात म्हणून तो जिवंत आहे. बिग अँट कंपनीचा क्रिकेट २४ दिसायला खूप पुढे आहे, पण क्रिकेट ०७ च्या सवयीने प्रत्येक बॉलला कव्हर ड्राइव्ह मारायला गेलात तर टिकणार नाही, त्याला टायमिंग लागतं, आधी नेट्समध्ये बसा. रोड रॅशवाल्यांसाठी २०१७ चा रोड रिडेम्पशन, पळत्या बाइकवरून हाणामारी करायची मजा त्यात नक्की आहे. आणि पार्लरमधला मुस्तफा, म्हणजे १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, तो कॅपकॉमच्या २०१८ च्या बीट एम अप (मारामारीच्या गेमच्या) बंडलमध्येही नाही, तो एका कॉमिकवरून बनवला होता म्हणून हक्क कॅपकॉमच्या एकटीच्या हातात नाहीत. त्या बंडलमध्ये कॅप्टन कमांडो आणि फायनल फाइट आहेत, दोघांनी मिळून खेळायला तेवढं पुरतं.

राहिला टीव्हीवरचा कॅसेटवाला गेम. मशीन चालू असेल तर नव्या टीव्हीला लावायला एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्या, टीव्हीत पिक्चर मोड बदलून गेम मोड करा, हे सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारतो आणि खड्ड्यात जातो. आकार ४:३ ठेवा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्या. बंदूक मात्र चालणार नाही, ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या उजेडावर चालायची, एलसीडीवर कितीही नेम धरा बदक पडत नाही. बंदुकीसाठी कोणाच्या माळ्यावर जुना टीव्ही असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. पीसीवर किंवा फोनवर रेट्रोआर्क (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्यात सीआरटी शेडर म्हणून ऑप्शन असतो तो लावा, चौकोन चौकोन दिसणारं चित्र मऊ होतं. हे गेम काढणाऱ्यांनी ती चित्रं जुन्या टीव्हीवर बघूनच रंगवली होती.

चवथीला सगळी भावंडं मूळ घरी जमणार असतील तर तयारी आधीच्या आठवड्यात करा, गावात पावसात नेट आणि वीज दोन्हीचा भरवसा नाही आणि आजकालचे काही रिमेक पन्नास जीबीच्या वर जातात. सगळं डाउनलोड करून, एकदा ऑफलाइन उघडून बघूनच लॅपटॉप बॅगेत घाला. दोन कंट्रोलर घ्या, एक वायरचा असलेला बरा. मोठ्या दादाला जुना काँट्रा द्या, आणि लहान मुलांना २०२४ चा नवा काँट्रा, ऑपरेशन गलुगा, त्यात लाइफ बार आहे, एका गोळीत मरायला होत नाही, त्यामुळे पोरं रडत उठत नाहीत. काका-मामांना जुन्या काँट्रात तीस लाइफ हव्या असतील तर टायटल स्क्रीनवर वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए आणि स्टार्ट, दोघे खेळणार असतील तर स्टार्टच्या आधी एकदा सिलेक्ट.