दिवाणाखालचे पाच खोके

माझी पहिली कादंबरी छापून आली त्या दिवशी टेम्पोवाल्याने पाच खोके दारात उतरवले आणि घाम पुसत विचारलं, “ताई, टाइल्स हाय का याच्यात?” प्रत्येक खोक्यात ४० प्रती, एकूण २००. आवृत्ती ५०० प्रतींची होती आणि त्यातल्या २०० मी ४० टक्के सवलतीत विकत घ्यायच्या, असं करारात लिहिलेलं होतं. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकाचे छत्तीस हजार झाले. सही करताना मी इतकी हरखले होते की ते कलम नीट वाचलंच नव्हतं. नव्या लेखकाला अशी अट घातली जाते, त्यात फसवणूक नाही. फक्त वाचून, घरात जागा किती आहे ते पाहून सही करा. आणि हस्तलिखित अजून हातातच असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी पाहून घ्या. ती पहिल्या पुस्तकासाठीच असते. मला तिचा पत्ता लागला तेव्हा खोके दिवाणाखाली जाऊन बसले होते.

कादंबरी पूर्व नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीची आहे. घरी हातमाग, आणि मुलगा एम्प्रेस मिलमध्ये लागलेला. ही मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली, आता तिच्या जागेवर मॉल उभा आहे. माझे आजोबा विणकर होते. मी मात्र सहकारी बँकेत काउंटरवर बसते, माग चालवलेला नाही. हे सांगायचं कारण पुढे येईल.

प्रकाशन समारंभ नागपुरातच, सीताबर्डीवर केला. सभागृह, फ्लेक्स, पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, चहा आणि आलूबोंडे धरून चोवीस हजारांच्या आसपास गेले. माणसं सव्वाशे आली, भाषणं चार झाली. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, ते त्यांनी प्रांजळपणे सांगितलं आणि मग पाऊण तास मराठी कादंबरीची वाटचाल सांगितली. प्रती गेल्या ३१. त्यांतल्या बऱ्याच माझ्या आत्या, मावश्या आणि बँकेतल्या लोकांनी घेतल्या. शिवाय जवळजवळ साठ प्रती मीच ‘सप्रेम भेट’ लिहून वाटल्या. समारंभ करू नका, असं मी म्हणणार नाही. आईला पहिल्या रांगेत बसलेली पाहायला मिळालं, त्याची किंमत वेगळी. पण तो खर्च लग्नकार्याच्या खात्यात टाका, पुस्तकविक्रीच्या नको.

त्या रात्री सवयीने हिशेबाची वही काढली. बँकेची सवय. नाव, मोहल्ला, पुस्तकाबद्दल कुठे कळलं आणि वाचून झाल्यावर कोणाला दिलं, असे चार रकाने आखले. शेवटचा रकाना सहज आखला होता, पुढे तोच सगळ्यात कामाचा ठरला. समारंभातल्या ३१ नावांपुढे सहा महिन्यांनीही तो जवळपास कोराच होता. मला वाटायचं पुस्तक विकलं गेलं की वाचक मिळाला. वहीने तो गैरसमज काढला.

परीक्षणांचं थोडक्यात सांगते. वीस प्रती वर्तमानपत्रं आणि नियतकालिकांकडे पाठवल्या, दोन परीक्षणं आली. त्यातलं एक मलपृष्ठावरचाच मजकूर उलटसुलट करून लिहिलेलं होतं. मोबाइलवरच्या कथा-कादंबऱ्यांच्या एका ॲपवर पहिली तीन प्रकरणं टाकून पाहिली. तिथे वाचणारे पुष्कळ, पण त्यांना रोज रात्री पुढचा भाग हवा असतो आणि शक्यतो प्रेमकथा किंवा भूत. तसं लिहिणाऱ्यांनी तिथे जरूर जावं. माझ्या विणकरांना तिथे कोणी विचारलं नाही.

मलपृष्ठ मात्र मी पुढे सगळंच बदललं, आणि ते दीक्षाभूमीमुळे. अशोक विजयादशमीला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही अशी तक्रार करणाऱ्याने एकदा तिथे जाऊन उभं राहावं. लांबून, गाडीला लोंबकळून आलेली माणसं पिशवी भरून पुस्तकं नेतात. त्या वर्षी मी विकायला गेलेच नाही. एका स्टॉलच्या कडेला अडीच तास उभी राहून हात पाहत होते. माणूस पुस्तक उचलतो, आधी पालथं करतो, किंमत बघतो. मग मधूनच कुठेतरी उघडून पाच-सहा ओळी वाचतो, कधी ओठ हलवत. पहिलं पान फारसं कोणी उघडत नव्हतं, आणि माझं आठ महिन्यांचं काम पहिल्या पानावर झालेलं! माझ्या मलपृष्ठावर ‘मानवी नातेसंबंधांचा तरल वेध’ असं काहीतरी होतं. दुसऱ्या छपाईत ते काढलं आणि आतलाच एक सासू-सुनेचा नळावरचा संवाद जसाच्या तसा टाकला.

तोच संवाद मी आधी मानेवाड्यातल्या एका भिशीत वाचला होता. तिथली एक जण माझ्या शाखेची खातेदार, तिने बोलावलं. सोळा बायका, मध्ये चिवडा आणि संत्र्याच्या फोडी. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं वाचलं आणि दहाव्या मिनिटापासून मोबाइल निघाले. पुढच्या ठिकाणी घड्याळ लावून बारा मिनिटं ठेवली. सुरुवातीपासून वाचायचं नाही. जिथे दोन माणसं भांडतायत, तिथून उचलायचं. पात्रं दोनच, तिसऱ्याची ओळख करून द्यायला गेलं की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो. आणि भांडण मिटायच्या आधी पुस्तक मिटायचं. “मंग? सून गेली का माहेरी?” असं कोणी विचारलं की समजायचं, आज पाच-सहा प्रती जातील. उत्तर द्यायचं नाही. मी एकदा भिडेखातर दिलं आणि एकच प्रत गेली, तीही यजमानीणबाईंनी घेतली. वर्षभरात अशी एकोणीस वाचनं झाली. भिशी, ज्येष्ठ नागरिक मंडळ, एक भजनी मंडळ, एका शिवणवर्गाचा वर्धापनदिन. पुष्पगुच्छाला आधीच नाही म्हणायचं आणि मोबाइलवर पैसे घ्यायचा कोड छापून पुस्तकाजवळ ठेवायचा. सुट्टे नाहीत म्हणून पुस्तक परत ठेवणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

अधूनमधून पुढचा भाग पाठवत राहायची युक्ती काही नवी नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत राहिल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत. मी तेच व्हॉट्सॲपवर, गरिबीत केलं. दर रविवारी सकाळी सातला एक पान, चित्र म्हणून नाही तर मजकूर म्हणून, कारण म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षर मोठं करून वाचता येतं. ग्रुप काढला नाही. ग्रुपवर तिसऱ्या दिवशी सुप्रभात आणि पाचव्या दिवशी राजकारण सुरू होतं. ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. तिच्यात एक मेख आहे. समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केला असेल तरच निरोप पोचतो. मी तीन महिने १८० जणांना पानं पाठवत होते आणि पोचत होती साठेक जणांना. तेव्हापासून पुस्तक हातात देतानाच म्हणते, माझा नंबर नावानिशी टाकून घ्या. आणि सोळा पानांवर थांबले. सगळी कादंबरी पाठवली तर विकत कोण घेईल?

ग्रंथालयांकडे मी उशिरा वळले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा, त्याखाली गावोगावची वाचनालयं अ, ब, क, ड वर्गांत अनुदान घेतात आणि पुस्तकं खरेदी करतात. शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, तीत नाव आलं की विक्रेता आपणहून मागणी करतो. त्या यादीसाठी प्रत वेळेत पोचावी लागते. माझ्या पुस्तकाची पोचली नाही. ‘पाठवली असेल’ हे उत्तर मी तीनदा ऐकलं आणि वर्ष निघून गेलं. राज्य वाङ्मय पुरस्कारांचंही तसंच. पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे, पण प्रवेशिका भरायची तारीख तुमची वाट पाहत नाही. या दोन्ही गोष्टी स्वतः करा आणि पोच फाइलला लावा. राहिली मोहल्ल्यातली वाचनालयं. तिथे मी पिशवी घेऊन चालत गेले. ग्रंथपाल दोन प्रती घेतात, बिल दोन महिन्यांनी निघतं, पण एका वाचनालयात माझ्या प्रतीला लावलेल्या चिठ्ठीवर १७ तारखांचे शिक्के पाहिले. ते सतरा जण मला कधी भेटणार नाहीत. वहीत त्यांच्यासाठी एकच ओळ केली.

झाशी राणी चौकात, १९२३ सालच्या विदर्भ साहित्य संघाच्या दारातही मी नव्याने जाऊ लागले. विकायला नाही, दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना मागे बसायला. फेब्रुवारी २०२३मध्ये वर्ध्याला ९६वं साहित्य संमेलन झालं, तिथे एका ओळखीच्या स्टॉलवर दहा प्रती ठेवायला जागा मिळाली, ती या मागे बसण्यातूनच. तीन दिवसांत सात गेल्या. गर्दीच्या मानाने काहीच नाही, पण त्यातल्या एका बाईंनी यवतमाळहून आणखी चार मागवल्या.

बाहेरगावी पाठवणं आता सोपं झालं आहे. टपाल खात्याने १ मे २०२५पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकीट वाटेत कुठे आहे तेही कळतं. मात्र पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. माझी २२४ पानांची कादंबरी पाकिटासह २८० ग्रॅम भरते. हा निव्वळ योगायोग, पण तुम्ही कागद ठरवण्याआधी काटा बघा.

आता आजोबांच्या मागाची गोष्ट. गोळीबार चौकाजवळच्या एका ओट्यावर चार-पाच निवृत्त विणकर बसतात. कोणीतरी त्यांच्यातल्या एकाला पुस्तक दिलं होतं. त्यांनी मला निरोप पाठवून बोलावलं. मी आनंदाने गेले, पेनही नेलं होतं, सही मागतील म्हणून. त्यांनी पान ८३ उघडलं आणि बोट ठेवलं.

“बाई, तुमी धोट्यात ताणा भरला. धोट्यात ताणा राहते का? बाणा राहते. ताणा त मागावर राहते.”

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि धोट्यातून त्यांच्यात आडवा फिरतो तो बाणा. मी नेमकं उलटं लिहिलं होतं. मी गप्प. ओट्यावर सगळे हसले.

“कोणाची पोरगी तू?” त्यांनी विचारलं. आजोबांचं नाव सांगितलं तर आणखी जोरात हसले.

घरी येऊन रडले, ते सांगायला हरकत नाही. पण पुढच्या महिन्यात वहीत गोळीबार चौक, पाचपावली, नाईक तलाव अशी नावं भराभर येऊ लागली. कुठे कळलं, या रकान्यात एकच उत्तर. चूक दाखवणारे ते विणकर, काकाजी, प्रत्येकाला सांगत होते, “आपल्या लोकायवर पुस्तक लिवलं हाय, बाईनं पान ८३वर चूक केली, पाहा बरं तुले सापडते का.” माणसं चूक शोधायला पुस्तक घेत होती आणि शोधता शोधता ८३ पानं वाचत होती. चौथा रकानाही तिथेच भरला. एक प्रत सहा घरं फिरून, हळदीचा डाग घेऊन परत आली.

तेव्हापासून वाचकाला “आवडलं का?” विचारणं मी सोडलं. “कुठे चुकलं?” असं विचारते. आवडलं म्हणणारा दोन शब्दांत सुटतो. चूक सांगणारा खुर्ची ओढून बसतो, पुढच्या वेळी आणखी एकाला घेऊन येतो, आणि तुमच्या पुढच्या कादंबरीचं सामान त्याच्याच बोलण्यात असतं. नव्या हस्तलिखितातली मागाची सगळी पानं मी आता त्या ओट्यावर वाचून दाखवते. दुपारी चारनंतर, त्यांचा चहा झाला की.

मागच्या वर्षी दुसरी छपाई झाली, ३०० प्रतींची. पान ८३ दुरुस्त केलं आणि ऋणनिर्देशात ओट्याचा उल्लेख केला. पहिली प्रत घेऊन काकाजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून पान काढलं, दोनदा वाचलं.

“सुधारलं,” ते म्हणाले, आणि जरा खट्टू झाले. “आता मी लोकायले काय सांगू?”