गोळी नवी असेल तर वयाला दोष देऊ नका

वृद्धाश्रमात आईला किंवा आत्याला भेटायला गेलात आणि ती सुस्त, गप्प दिसली, की "वय झालं आता" हे उत्तर ठरलेलं. असेलही तसं. पण झोपेची, नैराश्याची किंवा भ्रमावरची गोळी नुकतीच सुरू झाली असेल, तर आधी संशय गोळीवर घ्या.

म्हणून गोळी सुरू होण्याआधीच वहीत टिपून ठेवा: चाल, झोप, पोट साफ होतं का, वजन, बीपी. हे नसेल तर नंतरचा फरक ताडणार कशाशी? सर्दीच्या गोळ्याही लिहा. त्यातल्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांची लघवी अडते, डोक्यात गोंधळ होतो.

बीपी पाच मिनिटं आडवं ठेवून घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचा धोका आहे, डॉक्टरांना कळवा.

इंदूरात निरीक्षणाची उत्तम वेळ म्हणजे पोह्यांची. बशी थरथरते का, चेहरा कोरा आहे का, पाय घासत चालतात का? हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन या भ्रमावरच्या गोळ्यांनी असं होतं. खाऊन तास झाला तरी तोंड चघळल्यासारखं चालू असेल, जीभ आत-बाहेर होत असेल, तर लगेच सांगा. हा त्रास गोळी बंद करूनही कधीकधी जात नाही. एका जागी बसवत नाही, सारख्या येरझाऱ्या, हाही गोळीचाच प्रताप असू शकतो. त्याला घबराट समजून डोस वाढवला जातो, आणि येरझाऱ्याही वाढतात!

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, गोंधळ दिसला तर रक्तातलं सोडियम तपासायला सांगा. लिथियमवाल्यांना (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी गोळी) मे महिन्यात जपावं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की रक्तातली पातळी चढते: जुलाब, जोराची थरथर, तोल जाणं. लिथियमच्या पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात.

मनाने गोळी थांबवू मात्र नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या अचानक तोडल्यास फिट येऊ शकते. ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि गुंगी एकत्र दिसली तर वाट न पाहता एमवाय (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा, गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन.

स्मृतिभ्रंशात भ्रमावरच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००५ साली दिला. तेव्हा ही गोळी किती दिवस आणि कमी कधी करायची, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.