कारखान्याची सामायिक हत्यारे वाहतुकीत कशी जपावीत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार महागडी मोजमापाची साधने भागीदारीत घेतात. ती शेजारच्या शेडमध्ये हातोहात जातात तोवर चिंता नसते. पण पुण्याच्या भागीदाराकडे ट्रान्सपोर्टने पाठवायची झाली, की नुकसान कोणाच्या हातून झाले हा प्रश्न उभा राहतो. म्हणून सर्वांत आधी प्रत्येक साधनाचे छायाचित्र काढून त्याचा क्रमांक आणि आधीपासून असलेली खोट यादीत नोंदवावी, आणि ती यादी दोन्ही बाजूंनी मान्य करून घ्यावी.

त्यानंतर साफसफाई. आदळआपटीची भीती सर्वांनाच असते. गंजाकडे मात्र दुर्लक्ष होते. बोटांच्या घामातील क्षार पोलादावर राहिले, तर बडोद्याच्या पावसाळी हवेत त्याच ठशांवर गंज धरतो. साधन मऊ कापडाने पुसून गंजरोधक तेलाचा पातळ थर द्यावा आणि मग त्याला उघडा हात लावू नये. मायक्रोमीटरची (बारीक जाडी मोजणाऱ्या साधनाची) मोजणारी टोके एकमेकांना टेकलेली न ठेवता थोडी फट ठेवावी. स्लिप गेज, म्हणजे एकमेकांना चिकटवून माप जुळवायचे अचूक ठोकळे, जोडलेल्या अवस्थेत कधीही पाठवू नयेत. प्रत्येक ठोकळा सुटा करून, तेल लावून, पेटीतील त्याच्या खाचेत बसवावा. क्लिक पद्धतीचा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना) मापपट्टीवरील सर्वांत कमी आकड्यावर आणावा, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही.

आता बांधणी. साधन गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे. वर्तमानपत्र ओलावा धरते, ते टाळावे. साधनाची पेटी फाइव्ह-प्लाय (पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या) खोक्यात ठेवून सर्व बाजूंनी सुमारे ५ सेंटिमीटर फोम घट्ट भरावा आणि खोके हलवून पाहावे. आत काहीही सरकल्याचे जाणवले, तर ते पुन्हा उघडून भरावे, कारण ट्रकमध्ये तेच सरकणे तासन्‌तास चालू राहते. लेथचा चक (काम पकडून ठेवणारा जड भाग) नाजूक साधनांसोबत न घालता स्वतंत्र लाकडी पेटीत, तळाशी बोल्टने आवळून पाठवावा. कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी काढून तिच्या टोकांवर टेप लावावी.

विक्री नसली तरी डिलिव्हरी चलन सोबत हवे, आणि राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास ई-वे बिलही (माल वाहतुकीची ऑनलाइन जीएसटी नोंद) काढावे लागते. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) सही करताना मालाची खरी किंमत लिहावी. भाडे वाचवण्यासाठी ती कमी दाखवणे भागीदारांवर अन्याय करणारे आहे.

माल पोहोचल्यावर खोके उघडतानाही छायाचित्रे घ्यावीत आणि यादी ताडून पाहावी. पाठवलेल्या सामानात व्हिट्रिफाइड ग्राइंडिंग व्हील (भट्टीत भाजून बनवलेले घासणीचे चाक) असेल, तर ते मशीनवर चढवण्यापूर्वी बोटावर किंवा दांडीवर लटकवून हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. खणखणीत नाद आला तरच ते वापरावे. बोदा आवाज येणारे चाक आतून तडकलेले असू शकते व फिरताना फुटू शकते, म्हणून ते तत्काळ बाजूला काढून सर्व भागीदारांना कळवावे.