परदेशी संसदेचे शिष्टमंडळ पर्वरीला येणार असेल तर

मित्रराष्ट्राच्या संसदेचे सदिच्छा शिष्टमंडळ दिल्लीच्या भेटी आटोपून गोव्यात, पर्वरीच्या विधानसभेत येते, तेव्हा हाती जेमतेम दीड-दोन दिवस असतात. ते हारतुऱ्यांत आणि समई पेटवण्यातच सरले, तर लोकप्रतिनिधी एकमेकांशी बोलणार कधी? म्हणून कार्यक्रम आखताना आधी चर्चेचा वेळ राखून ठेवावा आणि बाकीचे सगळे त्याभोवती बसवावे.

पाहुण्यांच्या संसदेशी परस्पर पत्रव्यवहार करू नये. लोकसभा सचिवालय आणि परराष्ट्र मंत्रालय यांच्यामार्फतच तो करावा. त्यांच्याकडून सदस्यांची यादी मागवताना नाव आणि पद एवढ्यावर भागत नाही. कोणते सभागृह, कोणती समिती, बोलण्याची भाषा आणि जेवणातली पथ्ये हेही विचारून घ्यावे. गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार आहेत. त्यांच्यातून पाहुण्यांच्या पदाचे आणि विषयाचे जोडीदार नेमता येतात. मत्स्योद्योग समितीच्या सदस्यासमोर किनारी मतदारसंघातला आमदार बसला की बोलणे आपसूक रंगते.

खरी गडबड होते ती दुभाष्यापाशी. पाहुणे पोर्तुगाल, ब्राझील किंवा मोझांबिकचे असले की पोर्तुगीज जाणणाऱ्या एखाद्या ओळखीच्या ज्येष्ठांना बोलावण्याचा मोह होतो. भाषा येणे वेगळे आणि बैठकीत अनुवाद करणे वेगळे. एकामागून एक अनुवाद चालला तर ६० मिनिटांच्या बैठकीत बोलायला ३०च मिनिटे मिळतात. हेडफोनवर समांतर अनुवाद ठेवायचा तर दोन दुभाषी लागतात, कारण दर २०-३० मिनिटांनी त्यांना आळीपाळी करावी लागते. एकटा माणूस थकतो आणि आकडे गाळू लागतो. लेखी भाषण आदल्या दिवशीच दुभाष्यांच्या हाती द्यावे.

टेबलावरचा तिरंगा १५० × १०० मिलिमीटरचा, दुसरा ध्वज साधारण तेवढाच आणि तितक्याच उंचीवर. ओळीत तिरंगा प्रेक्षकांच्या डावीकडून पहिला. पाहुण्यांचा ध्वज उलटा लागला नाही ना, हे त्यांच्या दूतावासाकडून आलेल्या चित्राशी पडताळावे. पोर्तुगालचा हिरवा पट्टा काठीकडे येतो. घाईत नेमकी इथेच चूक होते.

अधिवेशन चालू असेल तर पाहुण्यांना प्रेक्षक सज्जात बसवावे. सभापती आसनावरून स्वागत करतात, आमदार बाके वाजवतात. सज्जातून टाळ्या वाजवायच्या नसतात, हे पाहुण्यांना आत नेण्याआधीच सांगावे.

जेवणात शिवराक (शाकाहारी) पदार्थ वेगळे मांडून नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यात; डुकराचे आणि गोमांस टाळलेलेच बरे. भेट म्हणून कुणबी साडीच्या विणीचे उपरणे उत्तम, सामानात सहज मावते. फेणीची बाटली मद्य वर्ज्य असलेल्यांना अवघडवते आणि विमानात हातातल्या सामानातही चालत नाही.

परतभेटीचे निमंत्रण आले आणि खर्च यजमान देश करणार असेल, तर आमदाराला २०१० च्या परदेशी योगदान (नियमन) कायद्याच्या कलम ६ नुसार केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. प्रवासाला निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी अर्ज पोचायला हवा, तेव्हा निमंत्रण हाती पडताच तो भरायला घ्यावा.