थंडी आहे तोवर झोपून घ्या

आपल्या खान्देशात धड झोप लागेल अशा रात्री वर्षातून मिळतात त्या फक्त थंडीत. मार्च सरला की पंखा गरम हवा फेकायला लागतो, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, गच्चीवर अंथरूण टाकलं तरी मध्यरात्रीपर्यंत डोळा लागत नाही, आणि पाऊस पडला की पेरणी, निंदणी, फवारणी सुरू. म्हणून मार्गशीर्ष-पौष हे दोन महिने आरामासाठी ठरवूनच राखून ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात संध्याकाळपासून करा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे दिवस जेमतेम 11 तासांचा असतो आणि रात्र 13 तासांची, तरी आपलं टाइमटेबल मात्र जूनचंच चालू असतं, तेच साडेनऊचं जेवण, तेच बारापर्यंत मोबाईल. एकदम सगळं बदलायला जाऊ नका, फक्त जेवण तासभर आधी घ्या, बाकीचं आपोआप मागे सरकतं. जेवणानंतर घरातला मोठा ट्यूब बंद करून छोटा बल्ब लावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून टाका, कारण डोळ्यांवर झगझगीत उजेड असला की शरीरात झोपेचं मेलाटोनिन तयार व्हायला उशीर होतो. झोपायच्या आधी कोमट तिळाचं तेल तळपायांना आणि गुडघ्यांना चोळा, भेगाही मऊ पडतात.

सकाळी घाई करू नका. गंमत अशी की सूर्य सगळ्यात लवकर मावळतो नोव्हेंबरच्या शेवटी, पण उगवायला सगळ्यात उशीर करतो तो जानेवारीत, सात वाजून जातात. आणि आपण नेमकं 1 जानेवारीलाच पहाटे पाचला उठून पळायचा संकल्प करतो! तो संकल्प फेब्रुवारीत करा ना. ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर उजाडायच्या आधी फिरायला जाऊच नये, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी वाढतं. आजी-आबांना ऊन पडल्यावरच बाहेर काढा, ओट्यावर पाठ उन्हाकडे करून अर्धा तास बसू द्या, तुम्हीपण चहा घेऊन तिथेच बसा. सकाळचं ऊन मिळालं की रात्री झोप वेळेवर येते, हे दोन्ही एकमेकाला धरून आहे.

दुपारची झोप मात्र टाळा. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत दिवसाची झोप सांगितलीय ती उन्हाळ्यासाठी, कारण तेव्हा रात्र लहान असते. हेमंतात रात्रच एवढी मोठी आहे की दुपारी आडवं व्हायची गरज पडू नये.

आता शेतीवाले म्हणतील आराम कसला, कापूस वेचायचाय, हरभरा आहे, गव्हाला पाणी आहे. खरंय. पण कापूस दव असताना वेचायचाच नसतो, ओला कापूस पिवळा पडतो आणि भाव पडतो, म्हणजे सकाळी उशिरा सुरुवात करणं हे कामाच्याच हिताचं आहे, बायामाणसांना साडेसहाला थंडीत उभं करू नका. खरा त्रास आहे तो शेतातल्या पंपाला रात्री येणाऱ्या लाईटचा. पाणी भरायची रात्रपाळी असेल तर एकट्याने ओढू नका, भाऊबंदात किंवा शेजारच्या शेतवाल्याबरोबर आळीपाळी लावून घ्या, घरी आल्यावर पाय गरम पाण्यात धरा, कोरडे मोजे घाला आणि त्या दिवशी दुपारपर्यंत झोपा. दुपारी झोपू नका हा नियम त्या माणसाला लागू नाही, आणि घरच्यांनी त्याला उठवू नये.

लग्नसराईचं काय करायचं? तुळशीचं लग्न झालं की हळदी आणि डीजे सुरू होतात आणि रोज रात्रीचे बारा वाजतात. जवळच्या घरची हळद पूर्ण करा, बाकी ठिकाणी दुपारच्या लग्नाला जा, जेवा, आहेर द्या, निघा, कोणी नाराज होत नाही. नंतर पौषात तसेही मुहूर्त नसतात, पंचांगानेच महिना मोकळा ठेवलाय, त्यात नवीन कामं कोंबू नका. घराचा रंग, बोअर, मोठी खरेदी, सगळं पुढे ढकला.

आणि एक संध्याकाळ भरताची ठेवा, आठवड्यातून एकदा. हॉटेलचं पार्सल नको, मळ्यात नाहीतर अंगणात. जळगावकडची हिरवी-पांढरी मोठी भरताची वांगी (2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्यांना) तेलाचा हात लावून पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, गॅसवर ती चव येत नाही. मग सोलून लाकडी दांड्याने ठेचायची, मिरची-लसणाचं वाटण, भरपूर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून तेल. सोबत कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर. ह्यातलं काहीच घाईत होत नाही, कोणी वांगी फिरवतंय, कोणी लसूण सोलतंय, पोरं जाळाजवळ शेकतायत, आणि दोन तास कोणाला कुठे जायचं नसतं. मला विचाराल तर थंडीतला सगळ्यात चांगला आराम हाच.

झोपायच्या खोलीबद्दल एवढंच, जुनं धाब्याचं घर असेल तर मातीच्या छतामुळे ऊब टिकते, स्लॅबच्या घरात फरशी गार पडते म्हणून खाली सतरंजी आणि तिच्यावर गोधडी टाका. धुळ्याकडे पारा 6-7 वर येतो तेव्हा काही लोक कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपतात, ते कधीही करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. शेकोटी बाहेरच शेका, विझवून आत या.

एवढं करूनही नऊ-दहा तास झोपून थकवा जात नसेल तर थंडीवर ढकलू नका, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि शुगर तपासून घ्या.