पुण्यतिथीला फुलपाखरं सोडायची असतील तर

आपल्या माणसाच्या आठवणीत फुलपाखरं सोडायची असतील, तर ती डब्यात भरून लांबून मागवू नका. प्रवासात त्या जिवांचे फार हाल होतात. अंगणातल्या लिंबोणीवर, कढीपत्त्यावर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी अळी शोधा. मोठी झाली की ती हिरवी होते. जाळीच्या डब्यात ठेवून रोज त्याच झाडाचा ताजा पाला द्या. औषध फवारलेला अजिबात नको. कोषातून निघाल्यावर पंख ताठ व्हायला, वाळायला काही तास लागतात. तोवर हात लावू नका. आपल्या मराठवाड्यात वैशाखातली दुपार टाळा, कोवळ्या उन्हात सोडा. पावसात, दिवेलागणीला नको. तिथीच्या आधीच बाहेर आलं, तर त्याच दिवशी सोडून द्या; तिथीसाठी कोंडून ठेवणं मला पटत नाही.