सर्जनशील चमूंसाठी खुले कार्यालय: नागपुरातील मांडणी

भिंती काढल्या की माणसे आपोआप बोलू लागतात, हा समज आराखडा करणाऱ्याने प्रथम बाजूला ठेवावा. २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खुल्या मांडणीत गेलेल्या दोन कंपन्यांमध्ये समोरासमोरचा संवाद सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. सतत सगळ्यांच्या नजरेत बसावे लागले की माणूस हेडफोन चढवतो. म्हणून एकाग्रतेच्या, दार लावता येणाऱ्या दोन-तीन लहान खोल्या आधी ठरवाव्यात आणि चर्चेच्या जागा त्यानंतर.

नागपुरात दिशेचा विचार टाळता येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या काचेतून येणारे दुपारचे ऊन तिथे कोणाला बसू देत नाही. तेव्हा पश्चिमेला जिना, सामानाची खोली व स्वच्छतागृहे घ्यावीत आणि रंग पारखणाऱ्या डिझायनरना उत्तरेकडील खिडक्या द्याव्यात. धरमपेठेतल्या एखाद्या जुन्या बंगल्यात कार्यालय थाटायचे असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भिंत पाडू नये, कारण अशा घरांत बहुधा भिंतीच छताचा भार पेलतात.

खरी कसोटी आवाजाची असते. व्हिट्रिफाइड टाइल्स, काच आणि उघडा स्लॅब यांवरून प्रत्येक शब्द परततो. सगळा खर्च एकदम झेपत नसेल, तर गालिच्याआधी छताला ध्वनिशोषक फलक लावावेत. गालिचा इथल्या धुळीत लवकर मळतो, शिवाय बोलण्याचा आवाज तो फारसा शोषत नाही. टेबलांमधील पडदी बसलेल्या माणसाच्या डोक्याहून थोडी उंच, म्हणजे साधारण १४० सेंटिमीटर असावी. कूलर वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: उन्हाळ्यात त्याच्या घरघरीत शेजारचे बोलणे बुडून जाते आणि कार्यालय शांत भासते, पण डिसेंबरात कूलर बंद असताना पलीकडच्या टेबलावरचा फोनही स्पष्ट ऐकू येतो. जागेची पारख त्यामुळे हिवाळ्यातच करावी. कूलरची दमट हवा छपाईचे कागद आणि नमुने यांच्यापासून दूर वळवावी, हे वेगळे सांगायला नको.

कोणी कुठे बसावे, हे पदावरून ठरवू नये. अंतर वाढले की संवाद झपाट्याने घटतो, हे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. एकाच प्रकल्पावरचे लेखक व डिझायनर शेजारी असावेत. दिवसभर फोनवर बोलणारा विक्री विभाग मात्र दुसऱ्या टोकाला. चहाचा ओटा दोन चमूंच्या येण्याजाण्याच्या वाटा मिळतात तिथे करावा आणि त्यालगतच्या भिंतीवर कच्ची रेखाटने लावण्यासाठी मोठा फलक ठेवावा. चहासाठी सगळे खालच्या टपरीवरच जात असतील, तर ओट्याची जागा चुकली आहे असे खुशाल समजावे.

विजेचे पॉइंट पक्के करण्यापूर्वी टेबलांच्या जागा फरशीवर चिकटपट्टीने आखून, त्याच मांडणीत काही दिवस काम करून पाहावे.